देवकाबाईंच्या घरी सापडलेला कचरा

देवकाबाईंच्या विरोधात एक सरकारी कागद आहे आणि त्या कागदावर पंच म्हणून माझी सही आहे. त्यांच्याबद्दल काहीही लिहायचं तर आधी हे सांगून टाकलं पाहिजे. नाहीतर पुढे मी जे कौतुक करणार आहे, ते त्यांनी ऐकूनही घेतलं नसतं.

आर्वीहून एसटीनं पाऊण तासावर, एका मोठ्या तलावाच्या काठी वसलेल्या गावात मी आठ वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांना अजून त्याच कार्यालयांत कामं पडतात. देवकाबाई माझ्या शेजारी राहत. आमच्या दोन अंगणांमध्ये तुराट्यांचा एक कूड, तोही अर्धा मोडलेला. त्या ढिवराच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांच्या घरातल्या. नवरा संपत तापानं गेला, दोन्ही मुली लग्न होऊन हिंगणघाटकडे गेल्या, आणि घरात राहिल्या त्या आणि डोंगा. मग त्यांनीच वल्हं हातात घेतलं. बाई डोंगा चालवते याचं गावाला पहिल्या वर्षी नवल वाटलं, दुसऱ्या वर्षी हसू आलं आणि तिसऱ्या वर्षी सवय झाली.

उंच, वाळकी बाई. साडीवर संपतचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायची, उन्हासाठी. बोलायला लागली की आधी एक बोट वर करायची आणि म्हणायची, "थांबा." समोरचा थांबलेलाच असायचा, तरी.

त्यांचा राग मी आयुष्यात पाहिलेल्या सगळ्या रागांपेक्षा वेगळा होता. आपल्याकडे माणूस चिडला की अरे-तुरेवर येतो. देवकाबाई जितक्या चिडत तितक्या आदरानं बोलत. साधं बोलणं असलं की "ये न गा, बस" असं चालायचं. पण "जी" सुरू झालं की समजायचं, आता काही खरं नाही. एकदा गावच्या एका पुढाऱ्यानं गाडीतून उतरून गुटख्याची पुडी फाडली आणि रिकामी पुडी तलावात भिरकावली. देवकाबाई गुडघाभर पाण्यात उतरल्या, पुडी उचलली, पदरानं पुसली आणि तोवर परत गाडीत बसलेल्या त्याच्यापुढे काचेतून आत धरली. "तुमचं राह्यलं जी," म्हणाल्या. भोवती दहा माणसं उभी होती. त्यानं ती घेतली आणि खिशात टाकली.

त्यांचा डोंगा सागाचा, चपट्या बुडाचा, संपतच्या बापाच्या वेळचा. वर्षभर पाण्यात राहून त्याच्या बुडाला शेवाळ धरायचं, बारीक शिंपले चिकटायचे, सांध्यांतलं डांबर फुगून यायचं. चैत्रात तलाव आटला की सगळे ढिवर आपापले डोंगे काठावर उलटे करत. तिथंच घासत, तिथंच जुनं डांबर जाळून खरवडत, तिथंच नवं लावत. खाली पडलेलं सगळं पहिल्या पावसात तलावात. देवकाबाई मात्र गावातल्या किसनभाऊंची बैलगाडी सांगायच्या आणि डोंगा घरी आणायच्या. गावातून ती गाडी निघाली की लोक म्हणत, "चालली नवरी सासरी."

हे असं का, ते मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"माया लग्नाले दोन वर्सं झाले होते," त्या म्हणाल्या. "आमच्या यायनं काठावर डोंगा घासला, डांबर तापवलं, सांडलं पाण्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बाया. आठ-धा जनी. कोनी बोलली नाई. सप्प्यायनं आपापले पान्याचे गुंड माया पुढं ठेवले. वास घे म्हने. मी येकेका गुंडात तोंड घातलं गुरुजी. डांबराचा वास. ते पानी पोराबाळायले पाजत होत्या त्या."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हनीन? बरोबर होत्या त्या. त्या दिवसापासून डोंगा घरी."

डोंगा घरी आला की दोन ओंडक्यांवर उलटा व्हायचा. खाली मोठी ताडपत्री, तिच्या कडा विटा लावून उचललेल्या, म्हणजे काही बाहेर ओघळू नये. ओलं असतानाच शेवाळ आणि शिंपले नारळाच्या काथ्यानं घासून काढायचे. ते त्या उकिरड्यात टाकत. शेवाळाचं खत होतं. मग डोंगा दोन दिवस उन्हात वाळू द्यायचा आणि जुनं डांबर लाकडी पट्टीनं कोरडंच खरवडायचं. लोखंड नाही, लाकूड सोललं जातं. साबण नाही, सोडा नाही. खरवडलेलं काळं चूर ताडपत्रीवर गोळा करून तेलाच्या रिकाम्या पिप्यात भरायचं, झाकण लावायचं, आणि पिपा पडवीत. हे चूर टाकायचं कुठं, असं त्यांनी एकदा ग्रामपंचायतीत विचारलं होतं. "टाका ना कुठंबी," असं उत्तर आलं. कुठंबी टाकायचं असतं तर डोंगा घरी कशाला आणला असता? म्हणून तेव्हापासून दर वर्षाचा एक पिपा त्यांच्या पडवीत उभा राहू लागला. पुढे ते सहा झाले.

एका चैत्रात मी शाळेतून आलो आणि मदत करायची म्हणून बादलीत मूठभर कपड्यांची पावडर कालवून डोंग्याच्या बुडावर ओतली. शेवाळ भराभर सुटलं. मला बरं वाटलं. पाणी ताडपत्रीच्या एका खचलेल्या कडेवरून बाहेर गेलं, तिकडे मी पाहिलंही नाही.

"थांबा. काय टाकलं जी?"

"पावडर. चिकट होतं म्हणून..."

"चला जी."

त्या पुढे, मी मागे. पांढरा फेस अंगणाच्या कोपऱ्यातून नालीत गेला होता. नालीतून हापशीजवळून रस्त्याखाली, रस्त्याखालून ओढ्यात, ओढ्यातून तलावात. आम्ही भर उन्हात तो सगळा रस्ता चाललो. ओढा जिथं तलावाला मिळतो तिथून जेमतेम पन्नास पावलांवर नळयोजनेची विहीर होती.

"इथून पाइप तुमच्या घरी येते," त्या म्हणाल्या. "आता घरी जाऊन च्या मांडसान, तवा हेच पानी मांडसान."

मी ओशाळून हसलो. "एवढ्याशा पावडरीनं काय होतं, देवकाबाई?"

"येवढ्याशानं काई नाई होत जी. पन सप्पेच येवढंसंच टाकते."

घरी परतून त्यांनी फेस पडलेली अंगणातली माती खुरप्यानं खरवडली आणि घमेल्यात भरून वेगळी ठेवली. मला परत हात लावू दिला नाही. दोन दिवस "जी" चालू राहिलं.

मग गावात बोटिंग आलं. तलावावर पर्यटक येतील, गावाला काम मिळेल, असं सांगत एका ठेकेदारानं पत्र्याचं ऑफिस टाकलं, पाण्यापर्यंत सिमेंटचा उतार बांधला आणि तीन पळत्या बोटी ट्रॉलीवर आणून सोडल्या. बुडं निळीशार. पर्यटक आले, भजी विकली गेली, मीही बायको-मुलांना घेऊन एक फेरी मारून आलो. वर्षभरात त्या बोटींनाही शेवाळ धरलं. शेवाळ कुणालाच सोडत नाही. बोटी जड चालायला लागल्या तशी एका सकाळी दोन कामगारांनी त्या उतारावर ओढल्या, बाथरूम धुवायचं ॲसिड ओतलं आणि तारेच्या ब्रशनं घासायला सुरुवात केली.

देवकाबाई तेव्हा जाळी काढायला तलावात होत्या. उतारावरून निळा लगदा पाण्यात उतरताना त्यांना दिसला. जाळी तशीच टाकून त्यांनी डोंगा सरळ तिकडे आणला. मी काठावरच्या रस्त्यानं शाळेत निघालो होतो, म्हणून पुढचं मी ऐकलं.

"हा रंग कायचा हाय जी?" त्यांनी मॅनेजरला विचारलं. तो नागपूरकडचा होता, गोड बोलायचा.

"स्पेशल कलर आहे मौशी. याच्यावर शेवाळ धरतच नाही."

"काऊन धरत नाई?"

"मरून जाते ना."

"मंग हाच रंग पान्यात गेला, तर मासा मरत नाई काय?"

मॅनेजर हसला. "मौशी, येवढा मोठा तलाव आहे. टेन्शन काय को घेता?"

"बोटी गाडीवर चढते न तुमच्या? मंग तशाच वर न्या जी. बांधाच्या मांगं. खाली ताडपत्री टाका, कोरडं घासा, सप्पा रंग गोया करा. मी दाखवीन."

"हो हो, पुढच्या टाइमले," तो म्हणाला आणि मोबाइल काढला.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. पहिल्या अर्जावर उत्तर आलं की हा विषय आमच्या अखत्यारीत नाही. ज्यांच्या अखत्यारीत होता त्यांच्याकडे दुसरा पाठवला. त्यांनी तो पहिल्या कार्यालयाकडे वर्ग केला. तिसऱ्याला उत्तरच नाही. पुढच्या उन्हाळ्यात बोटी पुन्हा उतारावरच घासल्या गेल्या आणि तीन-चार दिवसांनी त्या कोपऱ्यात बारीक मासे पोट वर करून तरंगायला लागले. देवकाबाईंनी ते टोपलीत भरले आणि टोपली मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. त्यानं नाकाला रुमाल लावला. कुणीतरी मोबाइलवर ते चित्रण केलं, ते तालुकाभर फिरलं, आणि तेव्हा कुठं तपासणीचं पथक आलं.

पथक बोटिंगवाल्यांच्या जीपमधून आलं. जेवलंही तिथंच. आदल्या दिवशी उतार पंप लावून धुतला होता. स्वच्छ सिमेंट, निळा ठिपका नाही. "काही आढळून आले नाही," असं लिहून झालं. मग साहेबांनी विचारलं, गावात आणखी कोण बोटी धुतं? मॅनेजर म्हणाला, "ती मौशी धुते ना घरी."

आणि ते देवकाबाईंच्या अंगणात आले.

देवकाबाईंना वाटलं, साहेब शिकायला आले! तीन अर्ज केल्यावर शेवटी कुणीतरी बोटी कशा घासायच्या ते पाहायला आलं. त्यांनी माझ्या घरून खुर्च्या नेल्या. चहा टाकला. डोंगा ओंडक्यांवरच होता. त्यांनी ताडपत्री दाखवली, उचललेल्या कडा दाखवल्या, काथ्या, लाकडी पट्टी, सगळं. साहेब मान हलवत लिहीत होते. मग त्या स्वतःच पडवीत गेल्या आणि पिपे दाखवले.

"किती आहेत?"

"सहा जी... नाई नाई, सहा. सहा वर्साचे," त्या म्हणाल्या. आनंदात "जी" चुकून तोंडून गेलं याचं त्यांनाच हसू आलं. "येक कन बी पान्यात नाई जाऊ देल्ला साहेब."

साहेबांनी लिहिलं: घराच्या पडवीत काळ्या रंगाच्या घातक पदार्थाचे सहा डबे विनापरवाना साठवलेले आढळून आले.

मी मधल्या सुट्टीत जेवायला घरी आलो होतो. साहेबांनी मला कुडाजवळ बोलावलं. "गुरुजी, तुम्ही सरकारी माणूस. पंच म्हणून सही लागते. फक्त हजर होतो एवढंच." मी वाचलं नाही. वाचावं असं वाटलं होतं, हे मला स्पष्ट आठवतं; आणि वाचलं तर बोलावं लागेल असंही वाटलं होतं. मी सही केली.

ते डोंगा टेम्पोत चढवायला लागले तेव्हा देवकाबाईंना कळलं.

"डोंगा काऊन नेऊन राह्यले?" त्यांनी मला विचारलं. "काय लिवलं? वाचा न गुरुजी."

मी वाचून दाखवलं. घातक पदार्थ, डबे सहा, मासेमारीचा परवाना स्थगित, नौका जप्त. खाली माझी सही. त्यांनी कागद हातात घेतला आणि ती सही बघितली.

"चांगली हाय जी सही तुमची," त्या म्हणाल्या. "मोत्यासारखी."

मग टेम्पोवाल्यांकडे वळून त्यांनी सांगितलं, डोंगा उलटा ठेवजा, उन्हात नका ठेवू, वरून ओलं पोतं टाकजा. कुणी ऐकलं नाही. टेम्पो सुरू झाला होता.

चार महिने डोंग्याविना गेले. त्या सोयाबीनच्या निंदणाला जात. माझ्याशी बोलणं बंद नव्हतं, पण सगळं "जी"मध्ये. सुनावणीची तारीख आली तेव्हा मी न विचारता त्यांच्यासोबत वर्ध्याला निघालो. त्यांनी एक पिपा बरोबर घेतला होता. कंडक्टर म्हणाला, बाई, हे काय आणलं? "सरकारी पुरावा हाय जी," त्या म्हणाल्या आणि पिपा मांडीपुढे धरून बसल्या.

सुनावणी एका लांब खोलीत होती, पंख्यांचा खडखडाट. मी माझं लेखी निवेदन दिलं: पंचनामा अपुरा आहे, बाई हा कचरा पाण्यात जाऊ नये म्हणून साठवत होत्या, आणि मी न वाचता सही केली. अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "शिक्षक असून न वाचता सही केलीत?" मी हो म्हणालो. "मग ती तुमची चूक," ते म्हणाले. ते खरंच होतं.

मग देवकाबाई उठल्या. पिपा टेबलावर ठेवला. बोट वर केलं.

"थांबा. साहेब, माया घरी कचरा सापडला, काऊन का मी तो ठेवला. त्यायच्या घरी नाई सापडला, काऊन का त्यायनं तो तलावात टाकला. आता मले सांगा जी, म्या बी टाकला असता तर मी सुटली असती काय?"

कारकुनानं लिहिणं थांबवलं. असं म्हणतात की खरं बोलणं ऐकून माणसं हलतात. तिथं फक्त एका शिपायाची मान हलली. अधिकारी म्हणाले, भावना समजू शकतो, आणि समज देऊन नौका परत करण्याचा आदेश काढला. समज. कशाची समज, ते त्या आदेशात लिहिलेलं नव्हतं.

डोंगा कार्यालयाच्या मागच्या भिंतीशी होता. उलटा नव्हे, सुलटा. आधी उन्हानं फळ्या फाकल्या होत्या, नंतर पावसाचं पाणी साचून त्या कुजल्या होत्या. आत कुणीतरी मोडक्या खुर्च्या टाकल्या होत्या. देवकाबाई त्याच्याभोवती एक फेरी फिरल्या. खाली वाकून बुडाला हात लावला. हात काढला तेव्हा लाकडाचा भुगा बोटांना लागला होता.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "हा डोंगा नाई राह्यला आता."

रडतील असं मला वाटलं. रडल्या नाहीत. निघताना कारकून म्हणाला, बाई, तो डबा इथंच ठेवा, आम्ही लावतो विल्हेवाट.

"कुठी टाकसान जी?"

"मागे नाला आहे ना."

त्यांनी पिपा उचलला आणि परत एसटीत मांडीपुढे धरून गावी आणला. मला मात्र रडू आलं, आणि ते रागाचं होतं. त्यातला अर्धा राग स्वतःवरचा होता.

महिनाभरात ढिवरांच्या घाटावर एक पाटी लागली: येथे नौका धुण्यास सक्त मनाई आहे. बोटिंगच्या उतारावर पाटी नाही.

पाटी लागल्यावर मात्र बाया चिडल्या. पुढच्या ग्रामसभेला चाळीसेक बाया आल्या आणि पुढे बसल्या. बोटिंगवाल्यांना दरवर्षी ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला लागायचा. देवकाबाईंनी बसूनच सांगितलं: कोणतीच बोट, डोंगा असो की मशीनची, पाण्याच्या काठावर घासायची नाही. बांधामागच्या पडीत जागेवर घासायची, ताडपत्रीवर, कोरडी. आणि निघालेला रंग ठेकेदारानं जिथून आणला तिथं परत न्यायचा. नाहीतर दाखला नाही. सरपंचानं इकडे तिकडे पाहिलं, बाया उठायला तयार नव्हत्या, ठराव झाला. ढिवरांनीही ठरावाच्या बाजूनं हात वर केले. सहा पिपेही ठेकेदारानंच न्यावेत असं एका म्हातारीनं जोडलं आणि तेही लिहिलं गेलं.

मॅनेजर लगेच कबूल झाला. "इतकंच ना? ट्रॉली तर आहेच आपल्याकडे."

इतकंच ना. एवढ्या दोन शब्दांनी देवकाबाईंना जितका राग आला तितका पंचनाम्यानंही आला नव्हता. घरी येईपर्यंत त्या फणफणत होत्या. "इतकंच होतं न जी? मंग माया डोंगा काऊन गेला? मासे काऊन मेले? इतकंच होतं तर दोन वर्सं काय करून राह्यले होते हे सप्पे?"

पुढच्या वर्षी माझी बदली अल्लीपूरकडे झाली. निघताना त्यांनी भाकरी बांधून दिल्या आणि म्हणाल्या, "येत जाजो गा." मला "गा" ऐकून किती बरं वाटलं ते इथं लिहीत नाही.

गेल्या चैत्रात एका जुन्या विद्यार्थिनीच्या लग्नाला तिकडे गेलो होतो. परतीची एसटी बांधावरच्या रस्त्यानं जाते. बांधामागच्या पडीत जागेत ट्रॉलीवर एक निळी बोट चढवलेली दिसली, खाली ताडपत्री, दोन कामगार तोंडाला रुमाल बांधून घासत होते. शेजारी दगडावर देवकाबाई, लक्ष ठेवून. पुढे गाय थांबली म्हणून बस तिथं क्षणभर रेंगाळली. हे काम ज्यांचं होतं ते पगार घेऊन वर्ध्यात बसले होते. ते काम करणाऱ्या बाईकडे आता स्वतःचा डोंगाही नव्हता. मी खिडकीतून हाक मारली. इंजिनाच्या आवाजात ती त्यांना ऐकू गेली नाही.

एक कामगार उठला आणि हात धुवायला बांध चढून तलावाकडे निघाला. देवकाबाई झटकन उभ्या राहिल्या, काहीतरी ओरडल्या, तो परत फिरला. त्यांनी त्याच्यापुढे रिकामं घमेलं सरकवलं. गाय बाजूला झाली आणि बस हलली. शेवटचं दिसलं ते इतकंच: त्या माणसाचे दोन्ही निळे हात घमेल्यावर धरलेले, आणि देवकाबाई तांब्यानं त्यांवर पाणी घालताहेत, अगदी जपून, बारीक धारेनं.